शितलवरची फिल्म

यवतला हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशिनी, एक पिको-फॉलची, मागं एक अंधारी खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. शितल तिथं आली ती जयंतीच्या आधी. पांढऱ्या साड्यांवरच्या ब्लाउजांचा माझ्याकडं ढीग पडला होता आणि हाताखालची बाई बाळंतपणाला माहेरी गेली होती. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "ताई, हाताला काम हाय का?"

"स्कार्फ सोड आन् एक बाही लावून दाखव," मी म्हटलं.

तिनं बाही लावून दाखवली, स्कार्फ काही सोडला नाही. मला माणूस हवंच होतं. मी ठेवून घेतली.

दुकानात आम्ही दोघीच असलो की ती तोंड मोकळं करायची. गिऱ्हाईक आलं की उठून मागच्या खोलीत. चेहरा देखणा होता, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं. मला वाटलं, नवऱ्याच्या मारातून पळून आलेली असेल, कुणी शोधत येईल म्हणून भीत असेल. अशा बायका मी पाहिल्यात. त्यांना काही विचारायचं नसतं. ती मला दीक्षाताई म्हणायची, मी तिला शितल. अशी तीनेक वर्षं गेली.

मग सुदर्शन आला. शिरूरचा पोरगा, मास्तरांचा मुलगा, पुण्यात सिनेमाचं शिकलेला. दाढी वाढवलेली, बोलायला मऊ. दुकानात येऊन म्हणाला, "शितलताईंना भेटायचंय." मागच्या खोलीतली मशीन एकदम थांबली.

त्यानं सगळं माझ्यासमोरच सांगितलं. त्याला वाटलं, मला माहीत असणार. शितल पूर्वी मोबाइलवरच्या त्या ॲपच्या सिनेमांत काम करायची. तसल्या. त्यात तिचं नाव वेगळं होतं आणि ते नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. मीसुद्धा ऐकलं होतं. टीव्हीवर तिच्यावरून भांडणं झाली होती, ती मी भाजी निवडता निवडता बघितली होती, चेहरा काही ध्यानात राहिला नव्हता. तीच बाई माझ्या दुकानात हुक-काज करत होती आणि मला पत्ता नव्हता.

"तुमच्या आयुष्यावर डॉक्युमेंटरी करायचीय," सुदर्शन म्हणाला. "सगळ्यांनी तुमच्याबद्दल बोलून घेतलं. तुम्हाला कुणी बोलूच दिलं नाही."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तो गेल्यावर तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, उद्यापासनं येऊ का नगं?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तिनं काय केलं याचा नव्हे. तीन वर्षं माझ्या डब्यातलं खाऊन मला कळू दिलं नाही, याचा. मी म्हटलं, "पाटलिणीचे चार ब्लाउज कोण शिवणार मग?"

त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा सांगितलं.

माहेर मांडवगण फराट्याजवळच्या वस्तीवर. बाप मारुतराव, ती आप्पा म्हणायची, शेवंती आणि झेंडू करायचा, उरलेल्यात ऊस. आई धुरपदा. धाकटा भाऊ दत्ता. बारावी होताच शिरूरला दिली. नवरा कंपनीत. मारायचा नाही, पण बोलायचाच नाही. घरात ती आहे की नाही याची कुणाला दखल नसायची. पोरगी झाली, ऋतिका. पोरगी तीन-चार वर्षांची असताना नवऱ्यानं दुसरी बाई केली आणि शितलला माहेरी आणून सोडलं. पोरगी ठेवून घेतली. सासरा पोपटराव म्हणाला, आमचं रक्त आहे.

माहेरी किती दिवस बसणार? ती पुण्याला गेली, साडीच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकांपुढं साडी अंगावर लावून दाखवायची. तिथंच कुणीतरी म्हणालं, तुम्ही फोटोत छान दिसाल. आधी साड्यांच्या जाहिराती, मग मालिकेत मागं उभं राहायचं काम. दर रविवारी शिरूरच्या स्टँडवर सासू ऋतिकाला घेऊन यायची आणि शितल तिला रसवंतीत बसवून रस पाजायची. लॉकडाऊन लागलं, दुकान बंद, मालिका बंद, रविवार बंद. तेव्हा एकाचा फोन आला, वेबसिरीज आहे, हिरॉइनचं काम आहे.

"बंगल्यावर नेलं. करार पुढं ठेवला, म्या सही केली. इंग्रजीत व्हता. दुपारी म्हणले कपडे काढा. म्या न्हाई म्हणाले तर म्हणले, सही केलीय, पोलिसात देऊ. सगळे माझ्याकडं बघत उभे. जणू मीच त्यांचं काम अडवून धरलंय." तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "केलं मग."

मी हातातला ब्लाउज बाजूला ठेवला.

"पर ताई, ते पयल्यांदा. दुसऱ्यांदा मी माझ्या पायानं गेले."

"का गं?"

"पयलं नेटवर आलं तवा दुकानाच्या मालकानं येऊ नगं म्हणून सांगितलं. मैतरणीनं रूमवरनं काढलं. म्हटलं, नाव तर पडलंच. आन् खरं सांगू का? तिथं समदे मॅडम म्हणायचे. जेवलीस का इचारायचे. माझ्या लग्नाच्या घरात कुणी कधी इचारलं न्हवतं."

पुढं तिचं नाव झालं. मग पोलिसांची धाड पडली आणि बंगल्यातून मुलींना तोंडावर ओढण्या घालून बाहेर काढलं. चॅनलवाल्यानं प्रत्येकीपुढं माइक धरला, "तुम्हाला फसवून आणलं का?" सगळ्या हो म्हणाल्या. शितलनं ओढणी काढली. "पयल्यांदा फसवलं. मग मी मर्जीनं आले. बघणारं कोण हाय? तुमीच ना?"

तेवढं वाक्य राज्यभर फिरलं. कुणी तिला वाघीण म्हणालं. बहुतेकांनी काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मांडवगणला तिच्या फोटोला चपलांचा हार घालून मिरवणूक काढली. हार घालणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या मोबाइलमध्ये ती होती. सासरच्यांनी ऋतिकाला सांगितलं, तुझी आई वारली.

सुदर्शन दुसऱ्यांदा आला तेव्हा शितलनं एकच विचारलं, "माझी पोरगी हे बघंल का?"

"बघू शकेल. कुणीही बघू शकेल."

"मग करते. तिला माझ्या तोंडनं कळू दे. पर एक ऐक. पयल्यांदा फसवलं आन् नंतर मी गेले, ही दोन्ही वाक्यं पायजेत. एक ठेवायचं आन् एक काढायचं, असलं चालायचं न्हाई."

"दोन्ही ठेवतो, ताई. शब्द देतो," सुदर्शन म्हणाला. मला वाटतं, तेव्हा तो खरंच बोलत होता.

शूटिंग माझ्या मागच्या खोलीतच चाललं. तो येताना मला पण चहा आणायचा. शितल कॅमेऱ्यासमोर सगळं सपाट आवाजात सांगायची, एखाद्या शेजारणीचं सांगावं तसं. बंगल्याचं सांगताना, धाडीचं सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. सुदर्शन मधेच विचारायचा, "त्या वेळी काय वाटलं?" ती म्हणायची, "भूक लागली व्हती."

रडली ती एकदाच, बाप गेला त्या दिवसाचं सांगताना. मारुतराव अटॅकनं गेले हे तिला फेसबुकवर कळलं. ती तोंड बांधून मांडवगणला गेली, भीमेच्या काठी वेड्या बाभळींच्या आड उभी राहिली. सरण पेटलं तेवढ्यात एका पोरानं तिला डोळ्यांवरून ओळखलं. त्यानं मोबाइल काढला. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळ्यांची पाठ सरणाकडं आणि तोंडं तिच्याकडं. दत्ता सरणाजवळून चालत आला आणि हात जोडून म्हणाला, "जा तू. बापाला नीट जळू दे."

हे सांगताना ती अशी फुटली की सुदर्शननंच कॅमेऱ्यावरचा हात काढला. पण लाल दिवा चालू होता, मी पाहिला.

धुरपदाबाईंना बोलतं करावं ही सुदर्शनची इच्छा. दत्ता त्याला दारात उभं करत नव्हता. म्हातारीच एके दिवशी डोळे तपासायचं निमित्त करून केडगावला आली आणि तिथून वडापच्या जीपनं यवतला. माझ्या दुकानात पाऊल टाकलं आणि लेकीकडं न बघता मला म्हणाली, "कुटं बसू, बाई?"

ती कॅमेऱ्यासमोर बसली. शितल बाहेर माझ्या मशीनशी. मधे नुसता पडदा होता, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"आजी, तुम्ही लेकीचं काम कधी पाहिलंत का?" सुदर्शननं बिचकतच विचारलं.

मला वाटलं म्हातारी उठून जाईल. ती म्हणाली, "बघितलं. दत्ताच्या मोबाइलवर लावून घेतलं. समद्या गावानं बघितलं, आईनं बघायला काय झालं? म्हटलं, पोरीला मारत्यात का, बांधून घातलंय का, बघू तरी." तिनं नाक ओढलं. "ती रडत न्हवती. म्या तिच्या तोंडाकडंच बघत व्हते. रडत आसती ना, तर मी तिला घरात घेतली आसती. दत्ताशी भांडून घेतली आसती. पर ती रडत न्हवती."

शितलच्या हातातली कात्री टेबलावर पडली. तिनं ती उचलली आणि कापड कापत राहिली. कापड चुकलं, गिऱ्हाइकाला मी नंतर नवीन आणून दिलं.

जाताना धुरपदाबाई दारात थबकल्या. लेकीच्या डोक्याकडं हात गेला, पण शितल वाकून धागे गोळा करत होती. तिला दिसलंच नाही. वडाप आलं आणि म्हातारी गेली.

फिल्म झाली. एका मोठ्या ॲपनं ती घेतली. यायच्या आदल्या दिवशी सुदर्शननं लिंक पाठवली आणि आम्ही दोघींनी ती मागच्या खोलीत, माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर लावली.

पाहताना मला आधी बरंच वाटलं. शेवंतीचं शेत, गुऱ्हाळांचा धूर, आमचं दुकान, सगळं किती सुंदर दिसत होतं. मग शितल बंगल्याचं सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचा हुंदका फुटला.

"हे इथलं न्हाई," शितल म्हणाली. "हे आप्पांच्या वेळचं रडणं हाय."

ते तिथं आणून जोडलं होतं. 'पयल्यांदा फसवलं' होतं. 'दुसऱ्यांदा मी माझ्या पायानं गेले' कुठंच नव्हतं. टीव्हीवरचं तिचं ते गाजलेलं वाक्यही अर्धंच घेतलं होतं. धुरपदाबाई आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "मी तिला घरात घेतली आसती. दत्ताशी भांडून घेतली आसती." त्याच्या मागचं-पुढचं काही नाही. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, फसवल्या गेलेल्या सगळ्या मुलींना अर्पण.

तिनं सुदर्शनला फोन लावला. स्पीकरवर होता.

"माझं वाक्य कुठंय?"

"ताई, माझ्या हातात नव्हतं. ॲपवाले म्हणाले, दोन्ही ठेवलं तर लोकांना तुमची बाजू घेता येणार नाही. मी खूप भांडलो. तुमच्या भल्यासाठीच झालंय हे. बघा तुम्ही, लोक कसे बदलतील."

"बदलून घे ते."

"आता नाही होणार. करारात आहे तसं. तुम्ही सही केलीय, ताई."

शितल हसली. मी तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून म्हणाली, "परत सहीच."

आणि लोक खरंच बदलले. वाईट तेच झालं. चपलांचा हार घालणाऱ्यांनी स्टेटसला तिचा रडतानाचा फोटो ठेवला. ज्या बायका तिच्या नावानं थुंकत होत्या त्या 'बिचारी' म्हणू लागल्या. माझ्याकडं गिऱ्हाइकं वाढली; ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्तानं आत डोकावून बघायची. आणि मग दत्ताचा फोन आला. "ताई, आई म्हणती घरी ये. म्या बी बघितली फिल्म. मला म्हाईत न्हवतं गं." तो रडत होता. "ऋतिकाबी यायची हाय. पोपटरावांना म्याच जाऊन भेटलो, त्यांनी पाठवायचं कबूल केलं."

मी म्हटलं, "जा. आपसूक चालून आलंय असं समज."

"दीक्षाताई, तुमी चला संगं. मला एकटीला जमायचं न्हाई."

माझ्या स्कूटीवर गेलो. भीमेचा पूल ओलांडल्यावर तिनं पाठीमागून माझा खांदा घट्ट धरला तो वस्ती येईपर्यंत सोडला नाही. धुरपदाबाईंनी दारात पायांवर पाणी घातलं, लेकीला कवटाळलं आणि म्हणाल्या, "रडलीस की गं किती. म्या बघितलं. येवढी रडलीस, आन् मला ठावंच न्हाई." शितल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती, लाकडासारखी. मला तिचा चेहरा दिसत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, गप्प बस, बाई. एवढ्या वेळेला गप्प बस.

जेवणं झाली. पुरणपोळी केली होती. दत्ताच्या बायकोनं तिला नवी साडी नेसवली. मग ऋतिका आली. दहावीची पोरगी, उंच, आईचेच डोळे. शितलनं तिला रसवंतीत रस पाजून किती वर्षं झाली होती. दोघी आतल्या खोलीत पलंगावर बसल्या. मला शितलनं हात धरून थांबवून घेतलं. उंबऱ्याशी धुरपदाबाई गहू निवडत बसल्या होत्या.

पोरगी बराच वेळ ओढणीचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं तू मेलीस. मग शाळेतल्या पोरांनी सांगितलं, जिवंत आहेस म्हणून."

शितलनं पलंगावरची चादर सरळ केली.

"फिल्म मी बघितली. त्यांनी तुला फसवलं ना?"

"व्हय."

"मग एवढ्या कशा? पोरांनी मला नुसतं नाव टाकून दाखवलं. मी काही उघडून नाही बघितलं. पण खूप होत्या. दरवेळी फसवलं?"

एक 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं मिळालं असतं. पोरगी, आई, घर. पोरगी तोच 'व्हय' मागत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शितलला पण दिसत असणार.

"पयल्यांदा फसवलं," शितल म्हणाली. "नंतर मी गेले, सोन्या. मर्जीनं. त्यांनी फिल्ममधनं ते काढलं. तुला कुणी दुसऱ्यानं सांगण्यापरीस..."

"मर्जीनं?"

"तवा मला दुसरं काय दिसतच न्हवतं. आन् काय दिसत आसतं तर गेले नसते का, ते मला आजबी सांगता येत न्हाई."

ऋतिका उठली. ओरडली नाही, रडली नाही. चप्पल घालताना तिला पट्टा लावता येईना, तशीच फरपटत अंगणात गेली आणि दत्ताला म्हणाली, "मामा, मला शिरूरला सोडा. आत्ता."

मोटरसायकल गेली. धुरपदाबाई सुपात बोटं घालून बसल्या होत्या, गहू निवडायचा थांबला होता. त्या लेकीला म्हणाल्या, "येवढं गप बसता न्हाई आलं तुला?"

"न्हाई आलं, आई."

"म्हंजी ते रडणं बी खोटं."

"खरं व्हतं. आप्पांसाठी व्हतं."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. शितलनं नवी साडी बदलून घडी घातली, पलंगावर ठेवली. दत्ता परत यायच्या आत आम्ही निघालो. पुलावर तिनं मला थांबायला सांगितलं. उतरली आणि कठड्याशी उभी राहिली. मी स्कूटी तशीच टाकून तिच्या दंडाला धरलं, चांगलं नखं रुतेपर्यंत. "सोडा ताई, नुसती ओकारी आलीय," म्हणाली आणि खरंच ओकली. पण मी यवत येईपर्यंत जागोजाग मागं हात नेऊन ती आहे का बघत होते.

दत्तानं वस्तीवर काय सांगितलं कोण जाणे, आठवड्याभरात बिचारीची पुन्हा 'तसली' झाली. आता लोकांना राग दुप्पट होता. त्यांचं रडणं फुकट गेलं होतं. बाइकवरची पोरं दुकानासमोर हॉर्न वाजवत थांबायची. गाळ्याचा मालक म्हणाला, बाई ठेवायची असेल तर गाळा सोडा. मी भांडायला उभी राहिले होते. शितलच म्हणाली, "तुमच्या पोटावर पाय नगं, ताई."

सुदर्शनच्या फिल्मला बक्षीस मिळालं. त्यानं तिला समारंभाला बोलावलं. ती गेली नाही. तो एकदा दुकानी आला होता, माझ्यापुढं मान खाली घालून बसला. मी त्याला पाणी दिलं, चहा नाही.

शितल आता दौंडला राहते, रेल्वे लाइनीच्या पलीकडं, एका खोलीत. दुकानांतून फॉल-पिकोचं काम आणते. मी महिन्यातून एकदा जाते. कधी ती नीट बोलते, कधी दार उघडून पुन्हा गोधडीत जाऊन पडते आणि मी तिची भांडी घासून परत येते. गोळ्या चालू आहेत, सरकारी दवाखान्यातून. त्या घ्यायच्या तिला आठवण करून द्यावी लागते.

परवा कापड आणायला शिरूरला गेले होते. स्टँडजवळ फ्लेक्स लागला होता, दहावीत चांगले गुण मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, मधे ऋतिकाचा मोठा फोटो. खाली शुभेच्छुक म्हणून सगळी भावकी, आजोबा पोपटरावांपासून चुलत्यांपर्यंत. मी मोबाइलवर फोटो काढला आणि तशीच दौंडला गेले. दाखवू का नको, असं वाटेत दहादा वाटलं.

तिनं मोबाइल हातात घेतला. खालची नावं वाचली नाहीत. बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की नुसते ठिपके दिसायला लागले.

"केस कापलेत तिनं," ती म्हणाली. "लांब व्हते की. कुणी कापले आसतील?"

मला काय माहीत? मी म्हटलं, "चांगली दिसतीय."

"व्हय," शितल म्हणाली, आणि मोबाइल परत देईना.